एका पंगतीत : शाळकरी मुलांचे स्वास्थ्य आणि सहजीवन
(प्रस्तावना)

मूल शाळेत काय शिकले, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ते पोटभर जेवले का, त्याला तिथे करमते का, बाकावर शेजारी बसणाऱ्याच्या घरी कोणती बोली बोलतात हे त्याला ठाऊक आहे का, असे विचारणारे कमी. आता या प्रश्नांना ‘विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य’ आणि ‘सांस्कृतिक जाणीव’ अशी भारदस्त नावे मिळाली आहेत आणि त्यांवर परिपत्रकेही निघतात. नावे नवी असली, तरी महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टींवर शंभराहून अधिक वर्षे काम झाले आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा इतके ते मोलाचे आहे. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकांनी सुरुवात वसतिगृहापासून करावी, असे मी सुचवीन. शाळेत मूल काही तास असते. वसतिगृहात ते जेवते, झोपते, आजारी पडते, घरच्या आठवणीने रडते. त्याची काळजी कशी घेतली जाते आणि ते कोणाशेजारी बसून जेवते, हे तिथे झाकून राहत नाही.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभी राहतील अशी व्यवस्था केली. मराठा, जैन, मुस्लिम अशी ती मालिका वाढत गेली आणि 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहे म्हटली की आजच्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते. पण क्षणभर त्या काळच्या खेड्यातल्या मुलाच्या जागी उभे राहून पाहा. शहरात त्याला ना ओळख, ना निवारा, आणि दुसऱ्याच्या पंक्तीला बसण्याची मुभाही नाही. आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी हवी होती, आणि ती त्या त्या समाजाला हाताशी धरूनच लवकर मिळण्यासारखी होती.

त्याच कोल्हापुरातला एक प्रसंग या विषयाच्या मुळाशी आहे. भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. गांधीजींनी 1927 मध्ये त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतची कामे मुलेच पाळीपाळीने करत. ज्याच्या हातचे पाणी गावात चालत नव्हते, त्याने थापलेली भाकरी इथे सगळे खात. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही दिले. जातिभेदावरच्या व्याख्यानांनी जे झाले नसते ते त्या स्वयंपाकघराने केले, असे माझे मत आहे. आणि मुलांची उपासमारही त्याच स्वयंपाकघराने टळली. म्हणूनच हे दोन विषय वेगवेगळे वाचू नयेत.

अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, त्या काळात छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. परप्रांतांच्या भाषा आणि जगणे समजून घेण्याचे आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी पुढे मांडले, तेव्हा त्यामागे छात्रालयातल्या त्या मायेचा अनुभव होता असे मला वाटते.

कोसबाडचा वृत्तान्त मात्र सावकाश वाचावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे; मग गाणी आणि खेळ. पाने, बिया, खडे, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. थोरली मुले गुरे घेऊन रानात जातात, तर शिक्षकही त्यांच्यामागे कुरणात गेले; त्यातून कुरणशाळा उभी राहिली. पाड्यावरच्या जगण्याला अडाणीपणा न मानता त्याच्यातच शिक्षणाची वाट शोधणे, ही सांस्कृतिक जाणिवेची मला ठाऊक असलेली सर्वांत प्रामाणिक तऱ्हा आहे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मिळाले तर अवश्य वाचा.

एवढे वाचून झाले की आजच्या शाळेकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. 1995 साली शाळांतील आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांना तांदूळ घरी न्यायला मिळत. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि पुढे शाळेच्या व्हरांड्यात खिचडीची पंगत बसू लागली. धान्य तेच, पण ती पंगत नवीन होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. स्वास्थ्याचा विचार त्यामुळे कायद्यात आला. सांस्कृतिक जाणिवेचे म्हणाल, तर स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्यावर माझा राग नाही, मुले त्यात रमतात. पण वर्गातल्या कोळ्याच्या मुलीला तिची आई बाजारात कधी पोहोचते, मासेमारीवरील बंदीच्या काळात घर कसे चालते, हे कोणी विचारले नसेल, तर त्या नाचाने वर्गाच्या पदरात फारसे काही पडत नाही.

वाचकांनी पुस्तकांसोबत एखादी शाळाही जवळून पाहावी. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्याकडे गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहे चालतात. आश्रमशाळांत कोरकू, गोंडी, पावरी बोलणारी मुले मराठी पुस्तके उघडतात. अशा ठिकाणी गेलात तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मुलांचे फोटो काढू नका आणि जेवणाच्या वेळी जा. वाढपी कोण आहे, कोण कोणाशेजारी बसते, नव्याने आलेल्या मुलाशी कोण कोणत्या भाषेत बोलते, हे टिपून ठेवा. पुढची प्रकरणे वाचताना त्या टिपणांचा उपयोग होईल.