कोण आलं होतं रात्री?

मंडळी, २८ नोव्हेंबर २०२५ ला गोंदियात अकरा नक्षलवाद्यांनी पोलिसांपुढे शस्त्रं खाली ठेवली. महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत हाही त्यांत होता. बातमी आली आणि नातलगांचे फोन सुरू झाले. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, अभिनंदन! तुमचं दरेकसा मोकळं झालं." नागपूरच्या नातीने मात्र वेगळंच विचारलं, "आबा, मोकळं झालं म्हणजे नेमकं काय झालं? आधी तिथे काय होतं?" तिला फोनवर उत्तर देता येईना. म्हणून हा जरा लांबलेला लेख.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडी निघाली की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा लागतं. पुढे डोंगर, बोगदा आणि पलीकडे बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड. नागपूर-राजनांदगाव हा लोहमार्ग १८८० च्या आसपास पडला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. त्याच रुळांवर माझे वडील गँगमन होते, म्हणून आमचं बालपण रेल्वेच्या खोलीत आणि जंगलाच्या कडेला गेलं. १९५६ पर्यंत आमचा भंडारा जिल्हा आणि शेजारचा बालाघाट एकाच राज्यात होते. मग राज्यं वेगळी झाली. १९९९ च्या १ मे ला गोंदिया जिल्हा झाला, २००० साली छत्तीसगड झालं. आमच्या जंगलाला तीन राज्यांच्या सीमा लागल्या. जंगलाला त्याचं काही नव्हतं. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडचे बैल इकडच्या बाजारात. पण सीमा ओलांडली की पोलीस ठाणं बदलतं, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

माझ्या लहानपणी गाव म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. मोहाची दारू पिऊन मारामाऱ्या व्हायच्या. बांधीच्या धुऱ्यावरून कुऱ्हाडी निघायच्या. जंगलखात्याच्या माणसाला कोंबडी द्यावी लागे, वर बेगारही करावी लागे. सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उठला की धान खळ्यावरूनच जायचं. हे सगळं होतं. फक्त एक गोष्ट नव्हती. रात्रीची भीती नव्हती.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया-पोरं पहाटेच्या अंधारात टेंभा घेऊन निघत. भीती असे ती अस्वलाची, कारण त्यालाही मोह आवडतो! दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरे. रात्रभर दंडार चाले आणि आम्ही पोरं दोन-तीन कोस जंगलातून चालत उजाडता उजाडता घरी येत असू. उन्हाळ्यात खाटा अंगणात. आणि रात्री-बेरात्री कुणी वाटसरू आला तर त्याला नाव-गाव विचारण्याआधी पाण्याचा लोटा पुढे येई, मागाहून भात. हा आमच्या भागाचा न लिहिलेला कायदा. गोंड असो, हलबा असो, पोवार असो, सगळ्यांचा एकच.

हाच कायदा पुढे गावाच्या जिवावर उठला.

थोडा इतिहास सांगायला हवा. (मास्तर माणूस, सवय जात नाही.) नक्षलबारीचा उठाव १९६७ चा. आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर ग्रुप स्थापन केला तो २२ एप्रिल १९८० ला. त्याच वर्षी त्यांची माणसं नदी ओलांडून सिरोंचाच्या बाजूने महाराष्ट्रात शिरली. नोव्हेंबर १९८० मध्ये मोयाबिनपेटा इथे पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. तिथून गडचिरोली धुमसू लागली. मग ते लोण उत्तरेला कोरची, देवरी, सालेकसा असं सरकत १९९० च्या आसपास आमच्याकडे आलं. पलीकडे बालाघाटचं जंगल, अलीकडे आमचं, शेजारी डोंगरगड. एका राज्याचे पोलीस मागे लागले की दुसऱ्या राज्यात उतरायचं, इतकं ते सोपं होतं.

त्यांना पाय ठेवायला जागा का मिळाली, हेही प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्याकडे तेंदूपत्ता तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांवर. दिवसभर उन्हात पानं तोडायची, रात्री घरभर बसून पुडे बांधायचे आणि फळीवर गेलं की मुनशी त्यातले कितीतरी "खराब" म्हणून बाजूला काढणार. दलमवाल्यांनी ठेकेदारांना धमकावलं आणि मजुरी वाढली. जंगलखात्याची कोंबडी बंद झाली. लोकांना ते आवडलं, कुणी काही म्हणो. गोंदिया म्हणजे विड्यांचं गाव, त्या विडीचं पान तोडणाऱ्याला पहिल्यांदा चार पैसे जास्त मिळाले. पुढे तोच ठेकेदार दलमला खंडणी देऊ लागला. मजुरासाठी भांडणारी बंदूक ठेकेदाराच्या पैशावर चालू लागली, हे कळायला लोकांना काही हंगाम गेले.

मग आमच्या स्टेशनाचं नाव पेपरात येऊ लागलं, ते "दरेकसा दलम" म्हणून! तसंच टांडा दलम, देवरी दलम. ज्या नावाच्या पाटीखाली बसून आम्ही गाड्या मोजल्या, ते नाव एका सशस्त्र टोळीचं झालं. मुलीचं स्थळ बघताना लोक विचारू लागले, "दरेकसा म्हणजे ते नक्षलग्रस्त का?" सरकारी कागदावरही तोच शब्द. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने अशा भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी मिळाली. आम्ही शिक्षक तिला सरळ "नक्षल भत्ता" म्हणायचो. गावाच्या भीतीचे आम्हाला पैसे मिळत होते, गावाला काय मिळत होतं?

गावाला मिळाले दोन प्रश्न. सकाळी पोलीस येत आणि विचारत, "रात्री कोण आलं होतं?" रात्री दलम येई आणि विचारे, "दिवसा कोण आलं होतं?"

नातीला मला हेच सांगायचं आहे. दहा-बारा बंदुकवाले दारात उभे राहून भात मागतात. नाही म्हणायची सोय नाही. भात वाढला की तुम्ही नक्षल्यांचे साथीदार. दुसऱ्या दिवशी पोलिसांशी दोन शब्द बोललात की तुम्ही खबरी. आमच्या मोहल्ल्यातला एक म्हातारा मला म्हणाला होता, "का सांगू गुरुजी, देलं तरी मरन, नाई देलं तरी मरन." भुकेल्याला जेवू घालणं हा जिथे धर्म, तिथे तोच गुन्हा ठरला.

टाडा कायदा १९८५ ते १९९५ होता. त्यात पूर्व विदर्भातले कितीतरी आदिवासी अडकले. माझा एक जुना विद्यार्थी असाच जेवण दिल्याच्या आरोपावरून आत गेला. निर्दोष सुटून आला तेव्हा त्याची जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली होती. आणि दुसऱ्या बाजूने? आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला रात्री घरून नेलं. सकाळी तो रस्त्यावर सापडला, जवळ चिठ्ठी होती: खबरी. त्याने खरंच काही सांगितलं होतं की नाही, आजवर कुणाला ठाऊक नाही. पण त्याचं नाव दलमला कुणीतरी सांगितलं असणार, आणि ते कुणीतरी आपल्यातलंच असणार, हा विचार त्या दिवशी प्रत्येक घरात शिरला. तेराव्याला गेलो तेव्हा लोक जेवले, पण कुणी कुणाशी बोललं नाही. ती शांतता मला आजही बंदुकीपेक्षा वाईट वाटते.

१९९९ चा डिसेंबर आठवतो. मध्य प्रदेशाचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची १५ डिसेंबरला बालाघाट जिल्ह्यात, त्यांच्या स्वतःच्या सोनपुरी गावी हत्या झाली. मंत्र्याची ही गत, मग आपण कोण? त्याच महिन्याच्या २ तारखेला पीपल्स वॉरचे तीन मोठे नेते आंध्रात मारले गेले होते, त्याचा हा सूड असं तेव्हा सगळेच म्हणत. पुढे २ ते ८ डिसेंबर हा त्यांचा "पीएलजीए सप्ताह" झाला. चारू मजुमदार २८ जुलै १९७२ ला गेले, म्हणून २८ जुलै ते ३ ऑगस्ट "शहीद सप्ताह". या दोन आठवड्यांत लाल फलक लागत, रस्त्यावर झाडं पाडलेली असत, एस. टी. आत येत नसे. आमच्या पंचांगात पोळा, मंडई, माघ पौर्णिमा होतीच, त्यात ही दोन पर्वं वाढली. एक ऐन रोवणीच्या दिवसांत आणि दुसरं धान घरात यायच्या दिवसांत.

असा आमचा दिवस दोन्ही बाजूंनी आखडत गेला. आठवडी बाजार दुपारीच उठू लागला. मंडईतली रात्रीची दंडार बऱ्याच गावांत दिवसा होऊ लागली (दिवसा दंडार म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही). खाटा अंगणातून आत गेल्या. कुत्री भुंकली की दिवा विझे. मतदानसुद्धा पाहा! राज्यात सहापर्यंत, पण २०१९ च्या विधानसभेला आमच्या आमगाव मतदारसंघात दुपारी तीनपर्यंतच. लोकशाहीचे तीन तास आमच्याकडे कमीच होते.

सरकारनेही उपाय केले. २००३ पासून नक्षल गावबंदी योजना आली. ग्रामसभेने ठराव करायचा, मग विकासकामांना निधी. पुण्या-मुंबईत ते छान वाटलं असेल. पण ठरावावर सह्या करणारे गावातच झोपत होते. पुढे पिपरिया, मुरकुटडोहसारख्या आतल्या गावांपर्यंत सशस्त्र चौक्या गेल्या, रस्ते आणि मोबाईलचे मनोरे गेले. दलमची माणसं घटत गेली, नवी पोरं मिळेनात. या तीन राज्यांच्या विभागाचा म्होरक्या मिलिंद तेलतुंबडे १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीत मर्दिनटोल्याच्या चकमकीत मारला गेला. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. आणि सहा आठवड्यांनी आमच्या गोंदियातली ती बातमी आली.

सगळंच काही संपलं नव्हतं बरं का. माघ पौर्णिमेची कचारगडची जत्रा त्या काळातही वाढतच गेली. गोंड समाजाचे लोक दूरदूरच्या राज्यांतून दरेकसा स्टेशनावर उतरतात आणि धनेगावावरून गुहेकडे चढतात. भीतीने आमची दंडार दिवसावर आणली, पण ही गर्दी तिला अडवता आली नाही. हाजरा फॉललाही आता तिकीट काढून लोक येतात, तिथे साहसी खेळ आहेत, गावच्या पोरांना रोजगार आहे. मागे गेलो तेव्हा एक पोरगा मला धबधब्याचा इतिहास सांगत होता. मी निमूट ऐकून घेतला :-)

तर नातीचा प्रश्न: मोकळं झालं म्हणजे काय? बंदूक गेली, हे खरं आणि मोठं आहे. पण ज्याने भात दिला, ज्याने नाव सांगितलं, ज्याचा बाप गेला आणि ज्याचा मुलगा दलममध्ये गेला, ते सगळे आजही एकाच मोहल्ल्यात राहतात, एकाच विहिरीचं पाणी भरतात. कुणी सांगितलं होतं, हे आता उकरू नये असं माझं मत आहे. त्यातून नवी कुऱ्हाड निघेल. पण काय झालं, ते मात्र लिहून ठेवायला हवं. शरण आलेल्यांची नावं छापून येतात, शहीद जवानांचे फोटो चौकीत लागतात. ते लागायलाच हवेत. पण चिठ्ठी ठेवून मारलेल्या शेतकऱ्याचं नाव कुठल्याही भिंतीवर नाही. त्याच्या घरच्यांना अजून तो शब्द चिकटलेला आहे, आणि तो खरा की खोटा हे सांगायला कुणी पुढे येत नाही. गावाने एवढं तरी एकत्र बसून म्हणावं की तो आपला माणूस होता.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडचे जे नातलग आणि मित्र हे वाचतील, त्यांना विनंती. तुमच्या गावची मंडई कोणत्या साली रात्रीची दिवसा झाली, शेवटची बस किती वाजता जायची, कोण घर सोडून गोंदियाला किंवा नागपूरला गेलं, एवढं जरी आठवत असेल तरी वहीत लिहा. नावं नको असतील तर नका लिहू. माझ्या वयाची माणसं आता फार उरलेली नाहीत.

असो. मास्तरचा तास लांबला. कचारगडच्या जत्रेबद्दल पुढच्या वेळी सविस्तर लिहीन, गुडघ्यांनी तेवढं चढू दिलं तर!