पत्त्यातल्या इंजिनात कोळसा कोण टाकतं?

पेटची तयारी करणाऱ्या बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "विषय कुठून आणायचा?" माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. पण हातातला विषय कसा फसतो आणि कसा सुधारतो, याचं एक उदाहरण आहे. उदाहरण माझंच आहे.

एटापल्लीला एका चहाटपरीवर एसटीची वाट बघत बसले होते. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज नेणारे ट्रक एकामागून एक चालले होते आणि बाकावर लाल धूळ बसली होती. पिशवीत मैत्रिणीनं दिलेला पत्त्यांचा कॅट होता. टॅरोचा, तोही स्टीमपंक थाटाचा. मी पत्ते चाळत होते. शेजारच्या एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, "रमी आहे काय?" म्हटलं, नाही, भविष्याचे पत्ते आहेत. त्यानं 'रथ' हा पत्ता उचलला. त्यावर घोड्यांच्या जागी पितळी इंजिन होतं. नीट बघून तो म्हणाला, "इंजिन तर भारी आहे. पण कोळसा कोण टाकते याच्यात?"

तो सहज बोलून गेला. माझ्या सिनॉप्सिसची मात्र पंचाईत झाली. का, ते सांगते.

आधी स्टीमपंक म्हणजे काय ते बघू. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकानं १९८७ मध्ये थट्टेनं वापरला. कल्पना अशी की वीज आणि पेट्रोल मागे राहिले असते आणि वाफेचंच राज्य पुढे चाललं असतं, तर जग कसं दिसलं असतं? मग दातेरी चक्रं, पितळी नळ्या, हवाई जहाजं, उंच टोप्या आणि गॉगल हे सगळं आलं. २०१२ या एकाच वर्षी असे दोन टॅरो कॅट बाजारात आले: एक बार्बरा मूर आणि चित्रकार अ‍ॅली फेल यांचा, दुसरा जॉन व केटलिन मॅथ्यूज आणि चित्रकार विल किंघन यांचा. त्यानंतर अनेकांनी ही वाट धरली.

माझं मत विचाराल, तर ही चित्रकला मला आवडते. आपल्या मोबाइलचं पोट सीलबंद असतं. इथं यंत्राचं पोट उघडं आहे, ते कसं चालतं हे बघावंसं वाटतं. पण जरा जवळून बघा. बऱ्याच चित्रांत चक्रांचे दाते एकमेकांत बसतच नाहीत. चक्र काम करत नाही, ते दागिन्यासारखं चिकटवलेलं असतं. कोळसा नाही, राख नाही, काजळी नाही. इंजिन धावतंय, पण भट्टीपाशी कुणी नाही.

"पत्त्यांत मजूर कशाला हवा?" असं कुणी म्हणेल. रास्त शंका आहे. म्हणून जुने पत्ते बघायचे.

टॅरो हा मुळात खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळला जायचा. पत्ते ७८: २२ चित्रांचे हुकमी आणि ५६ साधे. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान, असा दावा फ्रान्समध्ये कूर द जेबलॅं यानं १७८१ मध्ये केला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोनं ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे पुरावा वाचता येण्याच्या ४१ वर्षं आधी निष्कर्ष तयार होता! ही तारखांची जोडी वहीत लिहून ठेवा, गाईडशी वाद घालताना उपयोगी पडेल.

आज सर्वांत प्रसिद्ध असलेला कॅट १९०९ चा. तो 'रायडर-वेट' म्हणून ओळखला जातो. रायडर हे प्रकाशकाचं नाव आणि वेट हे लेखकाचं. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ हिनं, आणि तिचं नाव कित्येक वर्षं या नावात नव्हतंच. पण तिच्या एका पत्त्यावर बाकावर बसून नाणी घडवणारा कारागीर आहे, दुसऱ्यावर चर्चमध्ये काम करणारा पाथरवट आहे. स्टीमपंक चित्रकारांनी या कारागिराचा संशोधक करून टाकला. तो एकटा, हुशार, गॉगल लावलेला. भट्टीवरचा माणूस मात्र आला नाही.

आता आपल्याकडे या. गंजिफाचे पत्ते गोल असतात, हातानं रंगवलेले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, एकूण १२० पत्ते. ही कला मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. मुघल गंजिफात आठ रंग, ९६ पत्ते, आणि त्यातला एक रंग चक्क 'गुलाम', म्हणजे चाकरांचा. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फजलनं अकबराच्या पत्त्यांचं वर्णन दिलंय. त्यात 'धनपती' नावाच्या रंगात राजा आणि वजीर आहेतच, पण खालच्या दहा पत्त्यांवर खजिन्यातली माणसं आहेत: जवाहिऱ्या, तोलणारा, नाणी पाडणारा आणि धातू वितळवणारासुद्धा. म्हणजे सोळाव्या शतकातल्या बादशहाच्या पत्त्यांत भट्टीवरच्या माणसाला जागा होती.

इथं एक सावधगिरी. गंजिफा आणि टॅरो सारखे दिसतात म्हणून एकातून दुसरा आला, असं लिहू नका. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. तुलना करायची ती प्रश्न सापडावा म्हणून.

गंमत म्हणजे गंजिफाचा मोठा अभ्यासक रुडॉल्फ फॉन लायडन हा शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये जर्मनीतून मुंबईत आला, कलासमीक्षक झाला आणि पत्त्यांत रमला. माझा प्रवास उलटा, पत्त्यांकडून खडकाकडे.

कारण स्टीमपंकचा 'असं झालं असतं तर' हा प्रश्न चांद्यात खरोखर आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यानं चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना परवडेल का, यावर अहवाल दिला. जमशेटजी टाटांनी तो वाचला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. बेत बारगळला. पुढे १९०७ मध्ये कंपनी निघाली, कारखाना उभा राहिला तो साकचीला, आजच्या जमशेदपूरला, आणि १९१२ मध्ये तिथं पोलाद बनलं. (तेव्हाच्या 'चांदा जिल्ह्या'त आजचा गडचिरोलीही होता, तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. जुना अहवाल वाचताना आजचा नकाशा डोक्यातून काढून ठेवा.)

माझ्या सिनॉप्सिसचा विषय हाच होता: चांद्याचं न झालेलं पोलाद. त्या रात्री मी तो पुन्हा उघडला. चौदा पानं. त्यात श्वार्त्झ होता, टाटा होते, खनिजाची प्रत होती, रेल्वे होती. 'मजूर' हा शब्द एकदाही नव्हता. मातीच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळणारे नव्हते. त्यांना लागणारा लाकडी कोळसा आणि राखीव जंगलांवर सरकारचा ताबा घट्ट करणारा १८७८ चा वन कायदा यांची मी गाठच घातली नव्हती. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दर जानेवारीत माडिया गावं तिथं यात्रेला जमतात; माझ्या पानांत तो डोंगर म्हणजे फक्त साठा होता. खाण २०१६ मध्ये सुरू झाली, थांबली, २०२१ पासून पुन्हा चालू आहे. हे मी लिहिलं होतं. पण गावांचा विरोध एका ओळीत 'अडथळा' म्हणून उरकला होता.

थोडक्यात, मी स्टीमपंकचा पत्ताच काढला होता. दाते जुळत नव्हते आणि भट्टीपाशी कुणी नव्हतं.

सिनॉप्सिस नव्याने लिहायला घेतलाय. तोवर तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातलं एक चित्र, नकाशा किंवा अहवाल घ्या आणि तीन गोष्टी लिहा: हे कुणी बनवलं आणि नाव कुणाचं लागलं? यात काम करताना कोण दिसतं? आणि जे दिसत नाहीत, त्यांचा माग कोणत्या दुसऱ्या कागदात लागेल, वनखात्याच्या, जनगणनेच्या की कोर्टाच्या? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा विषय तिथूनच सुरू होतो.

तो पत्ता मी ड्रायव्हरदादांना देऊ केला होता. "राहू द्या," म्हणाले, "आमच्याकडे खरा आहे." आणि ट्रककडे बोट दाखवून निघून गेले.