लसूणघास थंडीत कसा तगला



‘आपल्या तिवशाकडं बर्फ पडत नाही, मग थंडीत मरणाऱ्या चाऱ्याची गोष्ट आम्हाला कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण विहिरीवर दोन-चार गुंठे लसूणघास ज्यानं राखला आहे, त्यानं ती ऐकावीच.

लसूणघास मूळचा इराण आणि मध्य आशियाकडचा. 1857 साली जर्मनीतल्या बाडेन मुलखाचा वेंडेलिन ग्रिम नावाचा शेतकरी अमेरिकेत मिनेसोटा इथं राहायला गेला. सोबत या घासाचं नऊएक किलो बी. पुढच्या वर्षी ते पेरलं. तिथं हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. बरीच झाडं मेली. ग्रिमनं जी तगली त्यांचंच बी धरलं, पुन्हा पेरलं; असं वर्षानुवर्षं केलं. 1890 साली तो वारला. विद्यापीठातल्या मंडळींचं लक्ष त्याच्या वाणाकडं गेलं ते आणखी दहाएक वर्षांनी! पुढं थंड मुलखात तो ‘ग्रिम’ याच नावानं पसरला.

तगण्याचं मर्म मुळात आहे. दिवस लहान झाले की काटक वाण वाढ थांबवतो, साखर आणि पिठूळ अंश मुळात व बुडख्यात साठवतो. त्या शिदोरीवर हिवाळा काढून बुडख्यातूनच पुन्हा फुटतो. म्हणूनच असला वाण आपल्या कामाचा नाही. आपल्याला हिरवा चारा हवा नेमका हिवाळ्यात, आणि हा तेव्हा झोपणार. राहुरीचा आरएल-88 किंवा गुजरातचा आनंद-2 आपल्या हिवाळ्यात फुटत राहतो. 1904 साली इजिप्तमधून सिंधमध्ये आलेला बरसीमही हिवाळ्यात भरघोस, पण ऊन तापलं की संपला.

लसूणघासाची वऱ्हाडातली परीक्षा मे महिन्यात. शिदोरी मात्र तीच, मुळातली. मागं एका वावरात पाहिलं. ढोरं हंबरतात म्हणून मालकानं दर पंधरा दिवसांनी कोवळाच घास कापला. उन्हाळ्यात अर्धे वाफे बसले. शिव्या खाल्ल्या बियाण्यानं. पहिली कापणी 55 ते 60 दिवसांनी करा, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी, दहांत एखादं झाड फुलावर आलं की. बुडखा तीन-चार बोटं राखा.

आणि दोन उन्हाळे काढलेला एखादा वाफा, हिवाळा सरताना कापणी थांबवून, बियाण्याला सोडा. त्यात अमरवेलीचा पिवळा दोरा दिसला तर मात्र तेवढा तुकडा फुलण्याआधी घासासकट कापून जाळा.