मंकराय येथील लाकडी कैचीपूल

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रस्त्यांवर चारशेहून अधिक लाकडी कैचीपूल उभारले गेले. लोखंड इंग्लंडहून आणणे खर्चाचे होते. आयर्नबार्कसारखे कठीण लाकूड मात्र तेथील अरण्यांत विपुल होते. करुआ नदीवरील मंकराय येथील १८८२ चा पूल या परंपरेच्या पहिल्या टप्प्यातील होय. त्या रचनेत कुजलेली तुळई बदलणे जिकिरीचे असे. पर्सी ॲलन यांनी १८९३ च्या सुमारास मुख्य तुळया जोडीने, मध्ये फट ठेवून योजिल्या. त्यामुळे एकेक लाकूड काढून नवे बसविणे सुकर झाले.

अशा पुलांतील मूळ लाकूड कालांतराने बदलतेच; मग त्यांस ऐतिहासिक का म्हणावे? दगडी वास्तूची कसोटी येथे अपुरी पडते. येथे दुरुस्ती हा रचनेचाच भाग आहे. म्हणून लाकडापेक्षा जोडणीची पद्धतच अभ्यासकाचा खरा पुरावा ठरते. तथापि याच कारणास्तव मंकरायच्या दुरुस्तीत सोयीसाठी नंतरची पद्धत स्वीकारल्यास पूल टिकेल, परंतु पहिल्या टप्प्याची साक्ष पुसली जाईल.