पागेतली पाच वर्षे

भुताची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? पिंपळावरचा मुंजा, पडका वाडा, अमावास्येची रात्र आणि उलट्या पावलांची हडळ. गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो खरा. पण पहाटे कोंबडा आरवला की ही सारी मंडळी आपापल्या झाडावर परत जातात आणि आपण निर्धास्त होतो. 1977 साली अमेरिकेत एक भयपट पडद्यावर आला. त्यात मुंजाही नाही आणि अमावास्याही नाही. त्यातली भीती मात्र कोंबडा आरवल्यावरही हलत नाही. कारण ती झाडावर बसलेली नसून घरातच, एका तान्ह्या जिवाच्या रूपाने निजलेली आहे.

चित्रपटाचे नाव ‘इरेझरहेड’, आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच. कथानक सांगायचे तर चार ओळींत संपते. हेन्री स्पेन्सर हा छापखान्यात काम करणारा, भेदरल्या चेहऱ्याचा तरुण. मेरी नावाच्या मुलीच्या घरी तो जेवायला जातो. ताटातली एवढीशी कोंबडी कापू लागताच ती पाय हलवू लागते. आणि त्याच बैठकीत त्याला कळते, की आपण बाप झालो आहोत. पण ते मूल माणसाचे म्हणावे असे नाही. ते रात्रंदिवस रडते. त्या रडण्याला कंटाळून मेरी माहेरी निघून जाते, आणि एका खोलीत बाप आणि ते मूल दोघेच उरतात. पुढे स्वप्न कोठे सुरू होते आणि जाग कोठे संपते, हे प्रेक्षकाला कळेनासे होते. अशाच एका स्वप्नात हेन्रीचे मस्तक कारखान्यात जाते आणि त्यापासून पेन्सिलीच्या टोकाचे खोडरबर तयार होतात! नावाचा उगम तो हा.

लिंचचा जन्म 1946 चा. तो मूळचा चित्रकार. फिलाडेल्फिया शहरी कलाशाळेत शिकत असताना तो ज्या वस्तीत राहिला, ती कारखान्यांची, काजळीची आणि गुन्हेगारीची वस्ती होती. त्या शहराचे ऋण त्याने पुढे अनेकदा बोलून दाखविले. तेथेच 1968 साली त्याला मुलगी झाली. तिची पावले जन्मतः वाकडी होती आणि त्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. बावीस वर्षांचा, हाती पैसा नसलेला बाप आणि दुखणाईत तान्हुले! चित्रपटातल्या भीतीचे मूळ येथे असावे, असा तर्क पुष्कळांनी केला आहे. लिंचने मात्र आपल्या चित्रपटाचा अर्थ कधीच उलगडून सांगितला नाही.

पुढे तो लॉस एंजेलिसला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. एडवर्ड डोहेनी या तेलसम्राटाने आपल्या मुलासाठी बांधविलेल्या ग्रेस्टोन नावाच्या हवेलीत तेव्हा ही संस्था भरत असे. संस्थेने लिंचच्या एकवीसएक पानांच्या पटकथेला दहा हजार डॉलर्स मंजूर केले, आणि हवेलीमागच्या पागेत त्याने आपला संसार थाटला. येथे ‘संसार’ हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. काही काळ तो खरोखरच तेथे राहत होता. 1972 च्या मे महिन्यात चित्रीकरण सुरू झाले. बहुतेक काम रात्री चाले. एक देखावा उभारायचा, चित्रित करायचा, आणि त्याच लाकडांतून दुसरा उभा करायचा.

पैसे संपले. काम थांबले. मग लिंच घरोघर वर्तमानपत्रे टाकू लागला. सहायक दिग्दर्शिका कॅथरिन कूल्सन उपाहारगृहात चाकरी करून मिळालेली बक्षिसी चित्रपटाच्या डब्यात टाकू लागली. तिचा नवरा जॅक नॅन्स हा हेन्रीची भूमिका करीत होता. हेन्रीचे ते ताठ उभे राहिलेले केस कायम राखणे त्याला वर्षानुवर्षे भाग पडले. एका प्रसंगी हेन्री दाराची मूठ फिरवितो आणि आत येतो. पडद्यावर हे एका क्षणात घडते. पण मूठ फिरविणे आणि आत पाऊल टाकणे यांच्यामध्ये प्रत्यक्षात दीड वर्ष लोटले होते!

याच काळात वडिलांनी आणि धाकट्या भावाने लिंचला समोर बसवून सांगितले, की हा नाद सोड, तुला मुलगी आहे, नोकरी धर. त्यांचे काय चुकले? आपल्या घरातला मुलगा असा पागेत राहू लागला, तर आपणही हेच सांगू. 1974 मध्ये त्याचा पहिला संसारही मोडला. म्हणजे बापपणाच्या धास्तीवर चित्रपट काढणारा हा माणूस त्या चित्रपटापायीच बाप म्हणून कसोटीला लागला होता. कलेची किंमत कलावंत एकटाच चुकवीत नसतो. घरच्यांनाही ती चुकवावी लागते, हे येथे विसरून चालणार नाही.

या ओढाताणीत त्याला आधार मिळाला तो एका भारतीय साधनेचा. 1973 च्या जुलैत तो महर्षी महेश योगींची ध्यानपद्धती शिकला आणि पुढे आयुष्यभर रोज दोनदा ध्यानाला बसत राहिला. इतका काळाकुट्ट चित्रपट काढणारा माणूस चित्तशांतीचा उपासक असावा, याचे नवल वाटते. पण खोल विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बळकट लागतो, हेही तितकेच खरे.

चित्रपटाचा निम्मा प्राण ध्वनीत आहे. ॲलन स्प्लेट आणि लिंच यांनी वाफेचा फुत्कार, यंत्रांची घरघर आणि दूरचा वारा यांचे असे मिश्रण केले, की डोळे मिटले तरी भीती वाटावी. मार्च 1977 मध्ये लॉस एंजेलिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला. त्यानंतर लिंचने त्यातली सुमारे वीस मिनिटे कापून टाकली. बेन बॅरनहोल्ट्झ या वितरकाने न्यूयॉर्कला त्याचे मध्यरात्रीचे खेळ लावले. आरंभी प्रेक्षक तुरळक होते. पण आलेला माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येई, आणि असे ते खेळ वर्षानुवर्षे चालले. स्टॅन्ले कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या वेळी आपल्या मंडळींना हा चित्रपट दाखविला. मेल ब्रुक्सने तो पाहून लिंचच्या हाती ‘द एलिफंट मॅन’ सोपविला; 1980 च्या त्या चित्रपटाला ऑस्करची आठ नामांकने मिळाली. 2004 साली ‘इरेझरहेड’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात नोंदविला गेला.

नॅन्स, स्प्लेट, कूल्सन ही मंडळी एकेक करून गेली. जानेवारी 2025 मध्ये लिंचही गेला. ते मूल कशाचे बनविले होते, हे त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. बरेच झाले! सांगितले असते, तर आपण ‘हात्तिच्या!’ म्हणून मोकळे झालो असतो. आता मात्र रात्री शेजारच्या घरात तान्हे मूल रडू लागले, की हा चित्रपट पाहिलेला माणूस क्षणभर थबकतो. आणि त्या घरात जागत बसलेल्या, घाबरलेल्या बापाची त्याला थोडी कीव येते. भयपटाने माणसाला एवढे शिकविले, तर पागेतली ती पाच वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?