विजेचा आघात आणि त्यावरील उपाय

नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. परंतु सातपुड्याच्या त्या मुलुखात वीज त्यापूर्वीपासूनच दोन रूपांनी वावरत होती : एक वळवाच्या ढगांतील, दुसरी तारांतील. विजेच्या आघाताने निपचित पडलेल्या मनुष्यास शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा प्रघात देशातील कित्येक खेड्यांत आढळतो. अंगातील वीज त्यायोगे जमिनीत उतरते, अशी समजूत. वस्तुतः अंगात वीज उरतच नाही. उरते ते बंद पडलेले हृदय आणि थांबलेला श्वास. आणि त्यांना अवधी फार थोडा असतो.

तथापि या समजुतीला हसण्याचा अधिकार शहाण्यांनाही फारसा पोहोचत नाही. १८९९ साली जिनिव्हा येथे प्रेव्हो व बातेली यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले की, प्रवाहाने हृदयाचे स्नायू बेताल थरथरू लागतात, आणि दुसरा जबर धक्का दिल्यास ती थरथर थांबू शकते. उपाय हाती आला होता. पण तो मनुष्यापर्यंत पोहोचण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत क्लॉड बेक या शस्त्रवैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय अशा धक्क्याने पुन्हा चालते केले, तेही छाती उघडून.

मधल्या काळात सारी भिस्त श्वासावर होती. शेफर यांच्या १९०३ सालच्या पद्धतीत रोग्यास पालथे निजवून पाठीवर लयीने दाब देत. फुप्फुसांत थोडी हवा खेळे. हृदय मात्र तसेच राही. आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी अशा उपचारांच्या सूचना वीज उपकेंद्रांतून स्थानिक भाषेतही लावणे बंधनकारक केले. तक्ता टांगणे सोपे. तो हातात उतरविणे कठीण.

१९६० साली बाल्टिमोर येथे कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. यांपैकी कौवेनहोवेन वैद्य नव्हते, विद्युत् अभियंते होते. तारांवर काम करणाऱ्यांच्या मृत्यूंमुळे ते या विषयाकडे वळले. या रीतीस केवळ दोन हात लागतात. धडगाव-तोरणमाळच्या घाटांत, जेथून रुग्णालय लांब, तेथे तिचे मोल निराळे सांगावयास नको.

तारेला चिकटलेल्या मनुष्यास शिवण्यापूर्वी प्रवाह तोडावा लागतो; आकाशातील विजेने पडलेल्यास मात्र तत्काळ हात लावता येतो. त्याचे हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होते, पण श्वास मागे रेंगाळतो. म्हणून झाडाखाली अनेकजण पडले असता कण्हणाऱ्यांना थांबवून, जे निश्चल पडले आहेत त्यांच्याकडे प्रथम धावावे, असा वैद्यकाचा आजचा दंडक आहे.