डॉक्टर फॅनन आणि पाच जुलैचा संप

मनोविकारतज्ज्ञाचे चरित्र सांगायला कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर का आणला, असे आपणांपैकी कित्येकांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते नगर वाचनालयाच्या कृपेने, आणि रात्री सभा आटोपल्यावर युनियनच्या कचेरीत बसून. वैद्यकशास्त्रात आम्हांला गती नाही. परंतु ज्या गृहस्थांविषयी आज बोलायचे आहे, त्यांनी इस्पितळाच्या नोकरीचा राजीनामा देताना सरकारला लिहिलेल्या पत्रात संपकऱ्यांना झालेल्या शिक्षेचा जाब विचारला होता. वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टराला संपाशी काय देणेघेणे? या एका प्रश्नापायी आम्ही डॉक्टर फ्रांझ फॅनन यांच्या चरित्राच्या मागे लागलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी मार्टिनिक बेटावर, फोर-द-फ्रान्स या शहरी झाला. कॅरिबियन समुद्रातले हे बेट फ्रेंचांच्या अंमलाखाली होते. तेथले बहुतेक लोक उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. गुलामगिरी १८४८ साली कायद्याने गेली, पण गोऱ्या कातडीचा दरारा काही गेला नाही. वडील जकात खात्यात नोकरीला, आईचे छोटेसे दुकान; एकूण खाऊनपिऊन सुखी घर. शाळेत मात्र काळ्या पोरांकडून 'आमचे पूर्वज गॉल' असे घोकून घेत. आपण फ्रेंच आहोत, अशी या मुलांची मनोमन खात्री असे. त्यांच्याच शाळेत कवी एमे सेझेर शिक्षक होते. काळेपण ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे त्या बेटावर मोठ्याने सांगणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

दुसरे महायुद्ध पेटले. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली गेला. तेव्हा १९४३ साली, अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती, हा मुलगा होडीतून शेजारच्या डोमिनिका बेटावर पळाला. हेतू हा, की स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हावे. १९४४ मध्ये तो मोरोक्को आणि अल्जीरियामार्गे फ्रान्सच्या रणभूमीवर पोहोचला. तेथे त्याने काय पाहिले? वरती गोरा, त्याखाली कॅरिबियन बेटांवरचा काळा, त्याखाली आफ्रिकेतला काळा, आणि अरबाला तर हिशेबातच धरत नसत. थंडी सुरू होताच आफ्रिकन सैनिकांना आघाडीवरून मागे घेतले, आणि विजयाचा मान घ्यायला गोऱ्यांच्या पलटणी पुढे काढल्या. नोव्हेंबर १९४४ मध्ये फॅनन जखमी झाले. शौर्याबद्दल त्यांना पदक मिळाले. त्या शिफारसपत्रावर सही होती कर्नल राउल सालां यांची. हेच सालां पुढे अल्जीरियात फ्रेंच फौजांचे सरसेनापती झाले आणि फॅनन त्यांच्या शत्रूच्या गोटात. पदक मिळाल्यावर थोड्याच दिवसांनी फॅनन यांनी आईवडिलांना जे पत्र लिहिले त्याचा मथितार्थ असा, की मी ज्यासाठी आलो ते सारे फोल ठरले, माझी चूक झाली. वय तेव्हा एकोणीस होते.

युद्धानंतर ते लिओं शहरात वैद्यक शिकू लागले. काळ्या माणसाच्या मनावर गोऱ्यांच्या जगाचे काय ओझे पडते, यावर त्यांनी प्रबंध लिहायला घेतला. विद्यापीठाला तो मानवला नाही. मग मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक रोगावर रीतसर प्रबंध सादर करून १९५१ साली त्यांनी पदवी घेतली, आणि नाकारलेले लिखाण १९५२ मध्ये 'काळी त्वचा, गोरे मुखवटे' या नावाने पुस्तकरूपाने काढले.

त्याच वर्षी 'एस्प्री' मासिकात त्यांचा एक लेख आला. आम्हांला तो त्यांच्या मोठ्या ग्रंथांहून मोलाचा वाटतो. लिओंच्या कारखान्यांत अल्जीरियातून आलेले मजूर असत. ते दवाखान्यात येत आणि म्हणत, सगळीकडे दुखते. नेमके कुठे, ते सांगता येत नसे. तपासणीत काही सापडत नसे. डॉक्टर आपापसांत म्हणत, हे अरब आळशी, सोंगाडे. फॅनन म्हणाले, याला घर नाही, बायकामुले जवळ नाहीत, रस्त्यात कोणी माणूस म्हणून बघत नाही. याचे सारे आयुष्यच दुखते आहे, आणि तुम्ही त्याला बोट ठेवून जागा दाखवायला सांगता?

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण सांगतो. काही वर्षांमागे आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. त्यातला एक जुना कामगार रोज सकाळी, पहिल्या पाळीच्या वेळेला, हातात डबा घेऊन युनियनच्या कचेरीत येऊन बसे. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, हातांची आग होते, झोप नाही, असे सांगे. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून कागद दिला होता. आम्ही तो कागद वाचला आणि त्याला म्हणालो, "दादा, तुमची केस कोर्टात आहे, तारीख लागली की निरोप धाडतो, आता घरी जा." असे किती वेळा म्हणालो त्याची गणती नाही. एके दिवशी तो यायचा थांबला. दोन महिन्यांनी त्याची बायको आली. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर मनोरुग्णालयाचे नाव होते. त्या डॉक्टराला आम्ही आजवर दोष दिला. पण त्याचा कागद खरा मानणारे आम्हीच होतो.

असो. पदवीनंतर फॅनन दक्षिण फ्रान्समधल्या सँ-आल्बां या डोंगरी गावच्या इस्पितळात गेले. तेथे त्यांना गुरू लाभले फ्रान्स्वा तोस्केयेस. स्पेनच्या यादवी युद्धात लोकसत्तेच्या बाजूने लढून, पराभवानंतर निर्वासित म्हणून आलेले हे डॉक्टर. युद्धकाळात फ्रान्सच्या मनोरुग्णालयांतून सुमारे ४५,००० रुग्ण उपासमारीने आणि हेळसांडीने मेले. सँ-आल्बांमध्ये मात्र डॉक्टर, परिचारक आणि रुग्ण आसपासच्या शेतकऱ्यांकडे कामाला गेले, बदल्यात धान्य-बटाटे आणले आणि माणसे जगवली. तोस्केयेस यांचे म्हणणे असे, की आधी इस्पितळालाच बरे केले पाहिजे. रुग्णांच्या सभा, रुग्णांचे छापील पत्रक, रुग्णांनी चालवलेले उपक्रम, यांतूनच उपचार होतो. फॅनन यांनी हा धडा पुरता गिरवला.

नोव्हेंबर १९५३ मध्ये ते अल्जीरियात ब्लिदा येथील इस्पितळात विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. त्या देशात मानसोपचाराचे आचार्य होते आंत्वान पोरो. अल्जीरियन मुसलमान जन्मतःच खोटा, भडक आणि खुनशी, त्याच्या मेंदूचा वरचा भागच दुबळा, असे या पंडितांच्या शाळेत शास्त्र म्हणून शिकवीत. यात आपण नवल मानू नये. आपल्याकडेही इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले.

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते. सँ-आल्बांच्या रीतीने दोन्हीकडे एकदमच काम सुरू झाले. स्त्रियांच्या विभागात सण साजरे झाले, चित्रपट दाखवले, पत्रक निघाले. महिन्याभरात कळा बदलली. पुरुषांचा विभाग मात्र थंडच. तीन महिने खटपट करूनही सभेला कोणी तोंड उघडीना, टोपल्या विणायला दिल्या तर कोणी हात लावीना. दुसरा एखादा म्हणाला असता, पोरो सांगतात ते खोटे नाही. फॅनन आणि त्यांचे सहकारी जाक आझुले यांनी १९५४ साली छापून कबूल केले, की चूक आमची आहे. टोपल्या विणणे हे त्या समाजात बायकांचे काम. सण साजरे केले ते ख्रिस्ती. डॉक्टर बोलणार दुभाष्यामार्फत. आणि या माणसांनी दुभाष्या पाहिला होता तो कचेरीत नाहीतर न्यायालयात! आपला खटला इंग्रजीत चाललेला ऐकून बाहेर आल्यावर वकिलाला "साहेब, काय झालं?" म्हणून विचारणारा कामगार आम्ही उच्च न्यायालयाच्या जिन्यावर पाहिला आहे, तेव्हा हे आम्हांला समजावून सांगावे लागले नाही. मग ब्लिदात त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह निघाले, मुसलमानी सण होऊ लागले, कथेकरी बोलावले, हातात कुदळी दिल्या. माणसे बोलू लागली.

पुढे १९५६ साली फॅनन यांनी आणखी एक अनुभव नोंदवला. मुसलमान स्त्रियांना युरोपीय धर्तीची चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावण्याची चाचणी घेतली. त्यांना काही सांगता येईना. चाचणीत एक कोरा कागद असतो; तो पुढे ठेवला तेव्हा त्यांच्या गोष्टी आपोआप वाहू लागल्या. कल्पनाशक्ती होतीच, दाखवलेले जग त्यांचे नव्हते.

मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले होते. आता फॅनन यांच्यापुढे छळ सोसलेले येऊ लागले, आणि छळ करणारेही. एक पोलीस अधिकारी घरी बायकोमुलांना मारझोड करू लागला म्हणून आला. त्याचे मागणे काय? नोकरी सोडायची नाही. डॉक्टरांनी एवढेच करावे, की कैद्यांचे हाल करताना मन शांत राहील. दुसऱ्या एका पोलिसाला इस्पितळाच्या आवारात त्याच्याच हातून हाल झालेला माणूस अचानक भेटला. पोलिसाला कापरे भरले. तो रुग्ण दिसेना म्हणून शोधाशोध केली, तर तो संडासात जीव द्यायच्या बेतात सापडला. त्याला वाटले, हे आपल्याला परत न्यायलाच आले. दोघेही एकाच डॉक्टराचे रुग्ण.

५ जुलै १९५६ रोजी अल्जीरियात संप झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती; १८३० साली याच दिवशी अल्जीयर्स शहर फ्रेंचांच्या हाती पडले होते. संपकऱ्यांवर कारवाई झाली. फॅनन यांनी वर्षअखेर निवासी मंत्री रोबेर लाकॉस्त यांना राजीनामा धाडला. त्याचा आशय असा: वेड लागणे म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य हरपणे, आणि मानसोपचार म्हणजे त्याला त्याच्या परिसरात परत आपलेपणा वाटेल असे करणे. पण ज्या देशात अरबाला स्वतःच्याच भूमीवर परका करून ठेवले आहे, तेथे मी कोणाला कोठे परत नेऊ? आणि संपकऱ्यांविषयी त्यांनी लिहिले, की त्यांना शिक्षा करणे बुद्धीला धरून नाही. ते धाकाने कामावर आले नसतील, तर त्यांची भीती समजून घ्यायला हवी होती. आणि आपल्या श्रद्धेने आले नसतील, तर शिक्षेने ती श्रद्धा ढळणार नाही. आम्ही तीस वर्षे आरोपपत्रांना उत्तरे लिहीत आलो. इतके नेमके उत्तर आम्हांला एकदाही सुचले नाही.

सरकारने जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार केले. ते ट्यूनिसला गेले. तेथे त्यांनी दिवसाचे इस्पितळ उघडले. रुग्णाने सकाळी यावे आणि संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या माणसांत जावे. उरल्या वेळात स्वातंत्र्यसैनिकांच्या मुखपत्रात लिहीत. १९५८ मध्ये आक्रा येथील अखिल आफ्रिकी परिषदेत बोलले, १९५९ मध्ये रोमला गेले, १९६० मध्ये घानात अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे राजदूत झाले, मालीच्या वाळवंटातून दक्षिणेकडून शस्त्रे नेण्याची वाट शोधत हिंडले. त्याच वर्षअखेर रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उपचारासाठी मॉस्को, शेवटी अमेरिकेतले बेथेस्डा. ६ डिसेंबर १९६१ रोजी तेथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे छत्तीस. देह ट्यूनिसला आणून, सरहद्द ओलांडून अल्जीरियाच्या मातीत पुरला. ५ जुलै १९६२ रोजी, तीच तारीख साधून, अल्जीरियाचे स्वातंत्र्य जाहीर झाले. ते पाहायला ते नव्हते.

अंथरुणाला खिळण्यापूर्वी घाईने लिहिलेल्या त्यांच्या शेवटच्या ग्रंथाचे नाव जगभरच्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय गीताच्या आरंभीच्या शब्दांवरून घेतलेले आहे. पुढे अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी तो ग्रंथ उराशी धरला, आणि त्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले. त्या ग्रंथात फॅनन म्हणतात, की गुलाम झालेला माणूस हिंसेने आपला न्यूनगंड धुऊन काढतो. आम्हांला हे पटत नाही, आणि आपल्यापासून ते लपवीतही नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरीस युद्धाने मोडलेल्या मनांच्या ज्या हकीकती आहेत त्याच त्यांच्या या मताविरुद्ध साक्ष देतात. स्वातंत्र्यानंतर देशी पुढारी गोऱ्यांच्याच खुर्च्या बळकावतील, हा इशारा मात्र त्यांचा खरा ठरला. जानेवारी १९६३ मध्ये अल्जीरियातल्या कामगार संघटनेच्या पहिल्याच अधिवेशनात सत्ताधारी पक्षाने संघटना आपल्या मुठीत घेतली, आणि १९६५ साली देश लष्कराच्या हाती गेला.

ब्लिदाच्या इस्पितळाला पुढे फॅनन यांचे नाव देण्यात आले. आम्ही ते पाहिलेले नाही, पाहण्याचा योगही दिसत नाही. आमच्या त्या कामगाराची केस मात्र लागली. निकालाला सात वर्षे लागली, थकबाकी मिळाली, आणि तो घरी परतला. धनादेश द्यायला आम्ही स्वतः गेलो. त्याने सही केली, पाणी दिले आणि विचारले, "साहेब, आता सकाळी कुठं जायचं?" या वेळी आम्ही कोर्टाची तारीख सांगितली नाही. त्याच्याजवळ बसलो.

तेव्हापासून आमच्या कचेरीत कामावरून काढलेला माणूस आला, की पगारपत्रक मागण्याआधी त्याला झोप लागते का ते विचारतो. काम फार नाही. पण तेवढे आम्ही या परक्या डॉक्टराकडून शिकलो.